आधी जेवा, मग फवारा

डासांसाठी डीडीटी फवारणारी सरकारी टोळी गल्लीत आली की तुळजाराम मामा आपल्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, आडवे बसत. पाठ एका खांबाला, पाय दुसऱ्या खांबाला. घरात शिरायची सोयच नाही.

"आधी जेवा, मग फवारा!"

शेजारी अडैंची चळत तयार असे. अडै म्हणजे चार डाळी भिजवून, वाटून केलेला जाडजूड डोसा. टोळीतली पाचही माणसं पाठीवरचे पंप उतरवून, हात कोपरापर्यंत धुऊन रांगेत बसत. मुकादम घड्याळ दाखवून रडकुंडीला येई. "मामा, सरकारी काम आहे हो!"

"मग सरकारास कळवा, विष निपटणारे यकृत जेवते आहे म्हणून."

मी साताऱ्याची. लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, सासरची ही तंजावरी मराठी माणसं बोलत नाहीत, बखर वाचून दाखवतात. त्यात शेजारी हे मामा. दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि भिंतीला एक खिडकी. रोज दुपारी बाराला खिडकीतून हाक यायची, "सूनबाई, जेविलीस की?"

मी कशाची जेवते! सासरे, दीर, हे, सासूबाई, सगळ्यांची पानं उठल्यावर माझं पान. तसं सांगितलं की मामा कपाळाला हात लावत. "यकृताची गत तुझ्यासारखीच, बघ. घरची सून. बाहेरून जे विष येईल ते निपटायचे, सगळ्यांचे खरकटे काढायचे, आणि तीस कोणी विचारायचे नाही, बाई, तू काही खाल्लेस का? उपाशी सून किती दिवस भांडी घाशील?"

आता खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला रडू आलं. माहेर सोडल्यापासून ते कुणी विचारलंच नव्हतं.

पण म्हणून मामांचा जाच कमी होता असं नाही हं! कल्हईवाला आला की त्याला धुराजवळ बसण्याआधी वाटीभर सुंडल, म्हणजे वाफवलेले हरभरे. रेशीम रंगवणारा दिसला की त्याची बोटं धरून, "हा रंग अंगात जातो रे, आतल्या कामकऱ्यास, यकृतास, काही घातलेस की उपाशी?" एकदा तर एकादशीला जवळच्या गोविंदपुरमच्या भजनात मामा सुंडलाचं पातेलं घेऊन हजर! टाळ थांबले. मामा म्हणाले, "विठोबास विष चढत नाही, त्याने खुशाल उपास करावा. तुम्ही उद्या भट्टीच्या धुरात जाणार, तुम्ही खा." मंडळींनी त्यांना पातेल्यासकट बाहेर काढलं. तेव्हापासून त्यांचं भजन तिण्णैवर एकट्याचं. सूर बरा होता, ताल मात्र देवाच्या भरवशावर.

पोस्टमन सुब्बय्यालाही रोज तोच प्रश्न. एकदा माझ्या हातात माहेरचं पत्र ठेवताना सुब्बय्या हळूच म्हणाला, "अम्मा, मी येण्याआधी तासभर मामा रस्त्याकडे बघत असतात. पण तीन वर्षांत 'पत्र आहे का' असं एकदाही विचारलं नाही. जेवलास का, एवढंच."

रात्रीपर्यंत कोण थांबतंय! हे शाळेतून आले तशी चहाआधी यांना धरलं. कुणाच्या पत्राची वाट बघतात मामा?

"वासूच्या," हे म्हणाले. "त्यांचा मुलगा. लहानपणी माझ्याच वर्गात होता."

मग सगळं बाहेर आलं. वासू त्याच फवारणीच्या टोळीत होता. आणि हेच मामा, एकादशी मोडायला निघालेले मामा, तेव्हा उपासतापासाचे एवढे कडक, की वासूला चातुर्मासात एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवून, राहायची शपथ घातली होती. दिवसभर पंप पाठीवर, आणि संध्याकाळी घरी आला तरी पान नाही. तिसऱ्या महिन्यात पोराचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टर मामांवर ओरडले, "हातात विष, पोटात काही नाही! यकृतानं कशाच्या जोरावर काम करायचं?"

वासू वाचला. उठून बसता आलं तसा मुंबईला गेला, रंगाच्या कारखान्यात. जाताना एवढंच बोलला, "मी जेवतो की उपाशी राहतो, ते यापुढे मला विचारायचं नाही, अप्पा."

आणि मामांनी ते पाळलं. वासू सोडून साऱ्या गावाला विचारत सुटले.

मला रागच आला. बापाचा, लेकाचा, दोघांचाही. यांच्याकडून पत्ता घेतला आणि त्याच संध्याकाळी कार्ड लिहिलं. "तुमच्या वडिलांना विचारायची बंदी आहे, मला नाही. मी शेजारची सूनबाई. जेवता की नाही, ते उलट टपाली कळवा."

उलट टपाली कसलं! दीड महिना गेला. मग एका सकाळी सुब्बय्या मामांच्या तिण्णैपाशी न थांबता धावत माझ्याकडे आला. मी कार्ड वाचलं आणि तशीच मामांकडे गेले. ते डाळ वाटत होते.

"वासूचं आहे," म्हटलं. त्यांचा हात वरवंट्यावरच राहिला. "वाच," म्हणाले.

"दोन्ही वेळा जेवतो. डब्यात डाळ असते, कारखान्यात दूध देतात. माझं एकभुक्त अप्पांनी स्वतःकडे तर घेतलं नाही ना? ते दोन्ही वेळा जेवतात का?"

मी मामांकडे बघितलं. दंडाची हाडं दिसत होती. त्यांच्याकडे संध्याकाळची चूल पेटलेली मी कधी पाहिली नव्हती. रोज मला खिडकीतून विचारणाऱ्या माणसाला मी एकदाही उलट विचारलं नव्हतं. लाज वाटली हो मला.

"मागे काही आहे?" मामांनी विचारलं. मागे नुसता पत्ता होता. येतो असं कुठेच नव्हतं. त्यांनी स्वतः कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, तरी नव्हतं.

संध्याकाळी दिवेलागणीला दोन अडै आणि लोणी पानावर घेऊन गेले आणि त्यांच्या खांबापाशी मीच आडवी बसले. "आधी जेवा."

मामांनी हात धुतले. मग एक तुकडा मोडून तोंडात घातला. चावताना डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"सूनबाई," घास गिळून म्हणाले, "त्यास लिही. अप्पा संध्याकाळी जेविले म्हणून लिही. आजच लिही."