समृद्धीला कुणी हात लावायचा नाही

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात राजुरीतल्या नळांनी मान टाकली आणि गाव पुन्हा विहिरीवर आलं. भरलेला हंडा डोक्यावर चढवताना शेजारच्या बाईनं हात लावायचा, ही तिथली रीत. त्यात कमीपणा वाटायचा तो फक्त नऊ वर्षांच्या समृद्धीला. ती हंडा गुडघ्यावर घ्यायची, अर्धा अंगावर सांडायची आणि उरलेला मोठ्या दिमाखात घरी न्यायची.

एका संध्याकाळी विहिरीतून आसराच वर आली. ही पाण्यातली देवी. केस ओले, पण स्वभाव तापट. "पोरी, हात लावू का?"

"माझ्या हंड्याला नाय आन् मलाबी नाय! कुणीच हात लावायचा न्हाई!"

"बरं, नाय लावणार कुणी," असं फणकाऱ्यानं म्हणून आसरा बुडाली.

दुसऱ्या दिवशी तिची आई नंदा वेणी घालायला बसली तर तिचा हात आपोआप बाजूला सरकला. शाळेत गुरुजी कान पिळायला गेले, चिमटीत नुसती हवा आली. समृद्धी खूश! पण लंगडीत वृषालीला तिला शिवताच येईना, तेव्हा पोरींनी तिला खेळातूनच काढलं. "हिच्यासंगं कोण खेळंल? ही बादच व्हत न्हाई!"

नंदा त्या दिवशी खूप रडली. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर ती सवय सोयीची निघाली. धाकट्या आदेशला आख्खी मांडी मिळाली. "आमच्या समीचं काय बघावं लागत न्हाई," असं नंदा शेजारणीला अभिमानानं सांगू लागली.

आठव्या दिवशी समृद्धीला ताप भरला. नंदानं चुलीपासूनच विचारलं, "अंग तापलंय का गं? बघ बरं तुझं तू."

समृद्धीनं कपाळाला हात लावला. तापलेल्या हाताला तापलेलं कपाळ काय कळणार! तिला रडू कोसळलं. तशीच उठून ती विहिरीवर गेली.

"चुकलं माझं. लावू दे समद्यांना हात."

आसरा बुचकळ्यात पडली. "अगं, माझा राग एका दिवसाचा. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरलासुदिक व्हता. इतक्या दिवसांत कुणी हात लावून बघितलंच न्हाई?"

समृद्धी घरी येऊन आईपुढं उभी राहिली. मला जवळ घे, एवढंच म्हणायचं होतं. पण असलं काही तिनं जन्मात मागितलं नव्हतं. ते कसं मागतात, हेच तिला कळेना.

नंदानं तव्यावरची भाकरी उलटली. "काय पायजे?"

"काय न्हाई," समृद्धी म्हणाली आणि आपलं अंथरूण आपणच घालून घेतलं.