शलाकाबाईंच्या तसबिरींची हकीकत व तोतयाचे पारिपत्य

ज्याचे दर्शन त्याच्याच मर्जीने घडते, त्या गजाननास दंडवत घालोन हकीकत लिहितो ऐसी जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौषमासी, एका राज्यात राजश्री दिगंबरराव काका राज्य करीत होते. राज्य म्हणजे चार खोल्या, एक गच्ची आणि समाजमाध्यमावर एकशे चौऱ्याऐंशी आप्तेष्ट. माणूस मोठा दिलदार. मोबाईल हाती आला तैपासोन अकरा वर्षे जे जे घडले ते ते त्यांनी समस्त जगास खुले ठेविले. बारशी, मुंजी, काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन, सकाळचे पोहेदेखील. आणि कोणी 'जरा आवरा' म्हणाले तर फर्मावीत, "अरे, दार लावून जेवायला आपण काय चोर आहोत?"

काकांच्या थोरल्या बंधूंची कन्या शलाकाबाई, वय वर्षे सतरा, काकांचा तिजवर फार जीव. बाई दोरीच्या मल्लखांबात ऐशा की, पायाच्या अंगठ्यात दोर धरोन उलट्या होत तेव्हा पाहणारांनीच देवाचे नाव घ्यावे. आणि शहाण्याही तितक्याच. आपले खाते त्यांनी कुलूपबंद केले होते, पंचवीस मैत्रिणींखेरीज कोणास प्रवेश नाही. परंतु काकांनी जिल्ह्याच्या सामन्यात बत्तीस तसबिरी काढिल्या, आणि पुतणीचे नाव टॅग करोन, आखाड्याचा पत्ता लिहोन, सर्व जगास खुल्या करोन दिल्या, आणि ऊर भरोन आला म्हणोन घरोघर फोन करोन दाखविल्या.

मग आठा दिवसांत तोतया उठला. नाव शलाकाबाईंचे, तसबिरी काकांनी लाविलेल्या त्याच, आत भलताच कोणी. त्याने काकांस मैत्रीचा पैगाम पाठविला, आणि येथे काकांची चूक जाहली ती ऐसी की, कोण्या शत्रूसही सुचू नये. "पोरीनं नवं खातं काढलेलं दिसतंय" म्हणोन त्यांनी पैगाम स्वीकारिला, वरोन 'यशस्वी भव' ऐसा आशीर्वाद दिला, आणि एकशे चौऱ्याऐंशी आप्तांस हुकूम सोडिला की, सर्वांनी जोडून घ्यावे, पोरीचा मान राखावा. सर्वांनी राखिला. मग तोतया त्या तसबिरींखाली नाही नाही ते लिहू लागला आणि परक्या पुरुषांस बोलावू लागला, आणि एके दुपारी दोन इसम आखाड्याच्या फाटकाशी येऊन "फोटोतली ती कोण?" म्हणोन हसत पुसू लागले. शलाकाबाई दोरीवर होत्या. त्यांनी ऐकिले, खाली उतरल्या, घरी आल्या आणि म्हणाल्या, "मी आता दोरीला हात लावणार नाही." राज्यस्पर्धा बारा दिवसांवर, मेहनत नऊ वर्षांची.

काका भडकले. त्यांनी उघड्यावर तोतयास लिहिले, "मर्द असशील तर समोर ये!" उत्तरी तोतयाने डोळा मिचकावणारे पिवळे तोंड पाठविले. तेव्हा काका पुतणीपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "बाळ, कोणी केलं गं हे?"

बाई म्हणाल्या, "काका, माझं दार मी लावलं होतं. ते तुमच्या दारातून आत आले."

"अगं, मी कौतुकानं लावले फोटो!"

"कौतुक माझं ना? मग मला विचारायचं नाही? ओसरीवर कोणीही येऊन बसेल, पाणी द्या त्याला. पण रस्त्यावरच्या माणसाला आपण माजघरात नेतो का?"

काकांच्या डोळ्यांस पाणी आले तेही त्यांनी लपविले नाही; माणूसच तसा, तेही खुलेच. मग म्हणाले, "चुकलो. तू सांगशील तसं."

आणि धन्य ती बाई! जिने रुसोन कोपरा धरावा ती पदर खोचावा तैसी उठली. आधी तोतयाच्या एकेक पानाचे स्क्रीनशॉट धरोन ठेविले आणि काकांस बरोबर घेऊन सायबर पोलिसांत तक्रार गुदरली. मग काकांच्या खात्यात शिरोन अकरा वर्षांचे सारे काही एका आज्ञेने ओळखीच्यांपुरते केले, आणि बत्तीस तसबिरी उतरविल्या, आणि आपले नाव कोणी टॅग केल्यास आधी आपली मंजुरी लागावी ऐसी चौकी बसविली. मग मित्रांची यादी चाळिली, तो आप्त धरोन सहाशे निघाले, पैकी दोनशे कोण हे काकांस सांगता येईना. एक तर टायरचे दुकान निघाले. आणि काकांनी स्वमुखे एकशे चौऱ्याऐंशी फोन केले आणि दर फोनास म्हणाले, "ती आपली शलाका नव्हे. मूर्खपणा माझा. रिपोर्ट करा." चौथे दिवशी खाते बंद पडोन तोतया कोसळला. तेव्हा बाई म्हणाल्या, "उद्यापासून सरावाला जाते. पण माझा फोटो मला विचारल्याशिवाय कुठेही लागणार नाही. चांगला आला तरी नाही." काकांनी शब्द दिला.

स्पर्धेच्या दिवशी शलाकाबाई दोरीवर ऐशा चढल्या की, दुसरा क्रमांक पटकाविला. काकांनी एकच तसबीर काढिली. बाई उलट्या, हात जोडलेले आणि खुदकन हसलेल्या. तैसी तसबीर काकांच्या हातोन जन्मात निघाली नव्हती. आणि इकडे आप्तांनी गिल्ला केला, "काका, फोटो टाका! फोटो टाका!" काकांची बोटे शिवशिवली. मग मोबाईल दोन्ही हातांत धरोन पुतणीपुढे गेले आणि म्हणाले, "लावू का गं?"

बाईंनी तसबीर बोटांनी मोठी करोन पाहिली आणि म्हणाल्या, "मस्त आलाय. पण नको, काका."

काकांनी कारण पुसले नाही. आप्तांस लिहिले, "दुसरा नंबर आला. तसबीर फार सुंदर आली आहे. हुकूम नाही."

एवंच, तोतये उठतात आणि पडतात, त्यांचे नवल नाही. परंतु साठी उलटलेल्याने सतरा वर्षांच्या पोरीचे 'नको' शिरसावंद्य मानिले, ऐसा राजा लेखकाने दुसरा पाहिला नाही. येथवर लिहिण्यास शलाकाबाईंची मंजुरी घेतली आहे. अधिक लिहिण्यास नाही.