दीपस्तंभावरची उडी

बेटावर आवाज एकच, आणि तो आपला, याबद्दल भोंग्याला तिळमात्र शंका नव्हती. बावीस वर्षं तो पर्यटकांना उघड्या गाडीतून बेट दाखवत होता. हातात माईक, सीटांखाली बसलेल्यांपुरता छोटा स्पीकर. मग साथ आली, बोटी बंद झाल्या आणि हा गडी चार महिने घरातच. बायकोलाच सांगायचा, "आपल्या डाव्या हाताला स्वयंपाकघर." शेवटी तिने हात जोडले.

म्हणून पंचायतीच्या कचेरीतल्या साहेबांनी गाडीवर मोठा कर्णा बसवून रोज चार वाजता गावभर साथीच्या सूचना द्यायचं काम सांगितलं, तेव्हा स्वारी हवेतच गेली.

"आठवडाभर बघतो," साहेब म्हणाले. "जमलं तर साथ संपेपर्यंत काम तुझं. पण फक्त सूचना."

"साहेब, झोपेतसुद्धा चुकायचो नाही."

गोम तिथेच होती. याला झोपेत जे येत होतं, ते वेगळंच होतं.

पहिल्या दिवशी बाजारापर्यंत सगळं व्यवस्थित. मास्क लावा, अंतर ठेवा, गर्दी करू नका. गर्दी कुठली करणार? हॉटेलांतल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या, आइसक्रीमच्या दुकानाच्या शटरपाशी वाळूचा ढीग. एरवी या दिवसांत गाडीला वाट मिळायची नाही, पोरं चाकाखाली येतील म्हणून जीव मुठीत धरायचा. तेवढ्यात दीपस्तंभाचं वळण आलं आणि तोंड आपसूक सुटलं.

"मंडळी, उजव्या हाताला पाहा. याच दीपस्तंभावरून रखवालदाराच्या देखण्या मुलीने एका खलाशापायी समुद्रात उडी घेतली. आजही चारच्या सुमारास शेजारच्या गच्चीत पांढऱ्या वस्त्रातली ती दिसते..."

आता आपल्याच गावात तिकीट काढून कोण फिरतं, तुम्हीच सांगा. गावाने ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. भराभर खिडक्यांतून डोकी बाहेर आली. शेजारच्या गच्चीतूनही एक आलं, ते रखवालदाराच्या मुलीचंच. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, भोंग्यालाही. हातात वाळत घालायची पांढरी चादर.

"गाडी थांबव," बाई म्हणाल्या. "मी कधी उडी मारली रे?"

भोंग्याने करकचून ब्रेक लावला. बाईंचा एक फोन कचेरीत गेला की काम गेलंच.

"बाई, ते... पर्यटकांना आवडतं."

"किती वर्षं सांगतोयस?"

"बावीस."

बाई कठड्यावरून वाकल्या. "म्हणजे रोज चारला ते लोक हात हलवायचे, ते मला भूत समजून?"

"हो, बाई."

"मला वाटायचं, माणसं किती प्रेमळ. मीही हलवायचे." त्यांनी चादर दोरीवर टाकली. "चार महिन्यांत कुणी हात हलवला नाही बघ. अजून चार वाजले की चुकल्याचुकल्यासारखं होतं." मग आवाज एकदम वर्गातला झाला. "उद्या पुन्हा सांग. सावकाश. आणि खलाशी उंच होता म्हण."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली खिडकीत. भोंग्याने खलाशी उंच केला, कुरळ्या केसांचा केला, शेवटच्या बोटीचा भोंगासुद्धा तोंडाने वाजवला. बाईंनी गच्चीतून चादर हलवली आणि अख्ख्या गल्लीने हात हलवले. घडीभर वाटलं, बोट लागली, माणसं उतरली, सगळं पहिल्यासारखं झालं. भोंग्याला रडू आवरेना.

या भरात त्या दिवशीची एकुलती एक सूचना खिशातच राहिली. उद्यापासून दुकानं संध्याकाळी नाही, सकाळी उघडणार!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं गाव पिशव्या घेऊन बंद शटरांसमोर उभं. साहेबांनी माईक काढून घेतला. स्पष्ट बोलणारं, न भरकटणारं माणूस हवं म्हणून तो बाईंना दिला. भोंग्याने फक्त गाडी चालवायची.

बाईंनी एकेक सूचना शुद्धलेखन घालावं तशी दोनदा सांगितली. गाडी भोंग्याच्या दारापाशी आली, तशा त्या खाकरल्या.

"मंडळी, डाव्या हाताला पाहा. याच घरातल्या मुलाने सातवीच्या गणितात सलग तीनदा गटांगळ्या खाल्ल्या. आणि यातलं एक अक्षरही खोटं नाही."

खिडक्याखिडक्यांतून हात हलले. सगळ्यांत जोरात बायकोचा.