धाक आणि धुतलेला डबा

बुधवारी दुपारी एक वाजता संचालकांनी ऑफिसच्या फ्रिजमधून डबा काढला, तेव्हाच तो हाताला हलका लागला. झाकण उघडलं तर आत काही नाही. डबा घासून, धुऊन, कोरडा पुसून ठेवलेला. हा सलग तिसरा दिवस होता.

"चोर खातो ते समजू शकतो," ते उपसंचालिका बाईंना म्हणाले. "पण भांडी घासून ठेवतो म्हणजे काय?"

"संस्कार असतील," बाई म्हणाल्या. त्यांचं जेवण रोजच्यासारखं बारालाच उरकलं होतं. सगळं ऑफिस बारालाच जेवायचं. लिखाणात बुडालेले संचालक तेवढे एकला उठायचे.

लिखाण साधंसुधं नव्हतं. ही संरक्षण अभ्यासाची संस्था होती आणि अण्वस्त्रांच्या धाकाने दहशतवादी गटांना रोखता येईल का, यावर संचालकांचा दीडशे पानी अहवाल शनिवारी वर जायचा होता. त्यांचं उत्तर 'होय' असं होतं. बाईंना त्यातलं एक अक्षरही पटलेलं नव्हतं.

"सर, देशाला राजधानी असते, पत्ता असतो. टोळीला काय असतं? बॉम्ब टाकणार कुणाच्या डोक्यावर?"

"जो तिला घरात थारा देतो, त्याच्या. स्वतःच्या घराची काळजी असली की तोच तिला आवरतो. थांबा, इथेच दाखवतो."

संध्याकाळी फ्रिजच्या दारावर सूचना लागली: 'यापुढे एक जरी डबा रिकामा झाला, तर फ्रिज सर्वांसाठी कायमचा बंद करण्यात येईल.' टंकलेखक तात्यांनी ती ठळक अक्षरांत छापून दिली.

गुरुवारी संचालकांनी मुद्दाम डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि शेवटच्या प्रकरणावर बाईंशी वाद घालत बसले. वाद एकपर्यंत लांबला. मग दोघंही फ्रिजपाशी गेली. आज दोन डबे लख्ख धुतलेले होते.

शिवाय दारावर दोन चिठ्ठ्या होत्या. पहिलीत लिहिलं होतं, 'कालची आणि आजची कारवाई नकाशा विभागाची आहे. तीन वर्षं पंखा मागतो आहोत.' दुसरीत लिहिलं होतं, 'नकाशा विभाग खोटं बोलतो. डबे ग्रंथालयाने खाल्ले. आम्हाला शिडी हवी.'

"ग्रंथपालांनी माझी अंडी खाल्ली?" बाई म्हणाल्या. "ते तर अंड्याचा वास आला तरी खिडकी उघडतात."

"कुणी खाल्लं हा प्रश्न आता गौण आहे," संचालक म्हणाले. "बोललो ते केलं नाही, तर उद्या माझ्या धमकीला कोण विचारणार?"

"आणि केलंत, तर परवा धमकी द्यायला काय उरणार?"

संचालकांनी या प्रश्नाचं उत्तर अहवालात टाळलं होतं. फ्रिजपाशीही टाळलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने फ्रिजची वायर काढली. मग अहवालाची तपासलेली पानं केबिनच्या फरशीवर प्रकरणवार मांडली, पंख्याने उडू नयेत म्हणून पंखा बंद केला आणि व्याख्यानाला निघून गेले. वरच्या कप्प्यात कित्येक वर्षांचा बर्फ साठलेला आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. फ्रिज केबिनच्या दाराला लागून होता आणि फरशीचा उतार आतल्या बाजूला होता.

दोन वाजता ते परतले, तेव्हा चौथ्यापासून सातव्यापर्यंतची प्रकरणं पाण्यावर तरंगत होती. सफाईच्या मावशी फडकं पिळत बसल्या होत्या.

"फ्रिज बंद केलात, फार बरं झालं सर," मावशी म्हणाल्या. "माझं एक काम कमी झालं."

"कसलं काम?"

"रोजचे डबे रिकामे करायचं. मागे तीन मांजरं आहेत, त्यांना घालत होते. त्यातलं एक मांजर अंडी खात नाही."

संचालक खुर्चीत बसले. "मावशी, ते डबे तुम्ही रिकामे केलेत?"

"तुम्हीच तर लिहून दिलंत." मावशींनी कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. त्यावर सोमवारची तारीख आणि खाली संचालकांची लफ्फेदार सही होती: 'दुपारी बारानंतर फ्रिजमध्ये राहिलेले डबे बेवारस समजून रिकामे करावेत व धुऊन ठेवावेत.'

संचालकांनी 'शनिवारी दुपारी बारानंतर' असं सांगितलं होतं. 'शनिवारी' तात्यांच्या टंकलेखनात गळालं होतं. आणि सही करताना संचालकांनी वाचलं नव्हतं, कारण त्या वेळी ते शत्रूच्या मनात काय चाललं असेल यावर लिहीत होते.

"पण दारावरची सूचना वाचली नाहीत?"

"वाचली की. मला वाटलं, आणखी एखादा डबा धुतला की या फ्रिजपासून सुटका. म्हणून काल दोन मिळाले तेव्हा बरं वाटलं."

"आणि आता मी नको म्हणालो तर?"

"मग नाही धुणार," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सर, अहवालात हे घालायचं?"

"काय घालू? संचालकानेच स्वतःच्या डब्यावर हल्ल्याचा हुकूम दिला?" त्यांनी एक ओलं पान उचलून झटकलं. "नाही. चिठ्ठ्या आहेत ना? जबाबदारी घेतलेली आहे. ती नकाशा विभागाचीच राहू द्या. तात्यांना म्हणावं, विभागप्रमुखांना बोलणी करायला बोलवा."

बोलणी वीस मिनिटांत आटोपली. ज्याने कुठल्याही डब्याला हात लावला नव्हता, त्या नकाशा विभागाने यापुढे डब्याला हात न लावण्याचं लेखी आश्वासन दिलं. फ्रिज पुन्हा सुरू झाला. रात्रभर केस वाळवायच्या यंत्राने सुकवलेला अहवाल शनिवारी वर गेला. त्यात 'होय'च्या जागी 'परिस्थितीनुसार' असं होतं.

सोमवारी नकाशा विभागात नवा पंखा गरगरू लागला. अकराच्या सुमारास, अजून शिडी न मिळालेले ग्रंथपाल कधी नव्हे ते तळमजल्यावर आले, मावशींची चौकशी केली, आणि जाता जाता ऑफिसची चहाची किटली कुठे ठेवतात ते विचारून गेले.