साखळीतले चौदा गोल

"साखळीत चौदा गोल करणाऱ्या माझ्या भावाला तुम्ही उपांत्य सामन्यात बाहेर बसवणार?" बायकोने हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं.

बस डेपोच्या हॉकी संघाचा कॅप्टन आणि गोलकीपर असलेल्या नवऱ्याचंही डोकं फिरलं. "अगं, त्यातले नऊ एकट्या पोस्टवाल्यांना मारलेत! त्यांचा गोलकीपर चष्मा काढून खेळतो. बाद फेरीत तुझ्या भावाने आजवर काय दिवे लावले? भोपळा!"

"हे आईला सांगा."

सांगायची वेळच आली नाही. सासूबाईंचा फोन आला, त्यांनी लेकीची चौकशी केली आणि जावयाने "हॅलो" म्हणताच फोन ठेवून दिला. कॅप्टनच्या अंगाचा तिळपापड झाला. निवड आपण केली तर सासुरवाडीचं दार कायमचं बंद, हे त्याला कळून चुकलं. तो तडक मॅनेजरसाहेबांकडे गेला.

"साहेब, साखळीचे आकडे चुलीत घाला! साखळीत सगळेच वाघ असतात. बाद फेरीत कोण टिकतो तेवढंच बघा. आणि संघ तुम्हीच जाहीर करा, म्हणजे वशिल्याचं कुणी बोलायला नको."

साहेबांना ते फारच पटलं. संध्याकाळी वर्कशॉपमध्ये त्यांनी संघ जाहीर केला. मेहुणा बाहेर. गोलमध्ये स्टोअरकीपर.

"स्टोअरकीपर?" कॅप्टन किंचाळला. "साहेब, साखळीत मी फक्त दोन गोल खाल्लेत!"

"पण बाद फेरीत दरवर्षी चार खाता. तुम्हीच म्हणालात ना, तेवढंच बघा."

मेहुणा गालातल्या गालात हसत होता. "या भावोजी, बाकावर जागा आहे."

सामन्याच्या दिवशी बायकोच्या दोन बाजूंना दोघे तोंड फुगवून बसले. डेपो तीन-शून्यने जिंकला. स्टोअरकीपरने दोन पेनल्टी स्ट्रोक अडवले, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

"डोक्यावर घ्या आता त्याला!" कॅप्टन फणकारला. "एका सामन्यावरून माणूस जोखायचा? अरे, अख्ख्या साखळीत कुणी मरमर केली ते बघा की!"

"अगदी बरोबर बोललात, भावोजी," मेहुणा म्हणाला. "शुद्ध अन्याय आहे हा."

बायकोने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती उठून स्टोअरकीपरसाठी टाळ्या वाजवायला गेली.