मालक नसलेली बांधी

समाजवाद कसा आणायचा, हे मला विचारा. बावीस वर्षं लाखांदूरच्या कॉलेजात तेच शिकवतोय. यंदा म्हटलं, आसगावच्या आपल्या धानाच्या बांधीत आणूनच दाखवू. तोही बाजार-समाजवाद: मालकी सगळ्यांची, भाव बाजाराचा.

रोवणीच्या पहिल्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून मी बारा बायांसमोर जाहीर केलं, "आजपासून इथं मालक नाही, मजूर नाही. वर्गच संपला. बांधी सगळ्यांची, धानही सगळ्यांचा!"

टोळीची पुढारी शकुनबाई. तिनं पदर खोचत विचारलं, "मंग तुमी एकटेच धुऱ्यावर काहून उभे आहा, सर?"

पँट दुमडून मी चिखलात उतरलो. संध्याकाळी मी रोवलेलं तेवढं पाण्यावर तरंगत होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारचा टेकचंद जास्त मजुरी बोलला. शकुनबाईनं उभ्या-उभ्या मतदान घेतलं. बारा हात वर, माझा एकटा खाली.

"आता दोन दिवस तिकडं जाऊन राहिलो, सर," ती म्हणाली.

"अहो, पण पऱ्हे उपटून ठेवलेत. कुजतील ना!"

"भाव बाजाराचा, तुमीच तं म्हनलं."

बाया गेल्या. रोपांच्या पेंढ्या मी पुन्हा एकदा मोजल्या. वर्षाचा धान होता तो. मी कागदावर नवा ठराव लिहीत बसलो, तोवर माझी बायको मंदा टेकचंदच्या धुऱ्यावर पोचलीसुद्धा.

"शकुनबाई, पऱ्हे खराब होऊन राहिले. मजुरी टेकचंदभाऊएवढीच देतो, अन् शेवटच्या दिवशी कोंबडा अन् वडे."

बाया परत आल्या. चार दिवसांत रोवणी आटोपली.

आमच्याकडे रोवणी संपली की बाया मालकाला चिखलानं माखतात. हे ठाऊक असल्यानं मी जुना सदरा घालून, चष्मा खिशात ठेवून तयार उभा होतो. बारा जणी ओंजळी भरून आल्या आणि मला वळसा घालून थेट मंदाकडे गेल्या.

"अहो, अन् मी?"

"तुमी कायचे मालक, सर?" शकुनबाई म्हणाली. "सातबारा तं बाईच्या नावानं हाय."

खरं होतं. बांधी सासऱ्यांनी मंदाला दिलेली. समाजवाद जाहीर करताना एवढं ध्यानातून गेलं होतं.

"अन् मजूर म्हनावं," टोळीतली धुरपता म्हणाली, "तं सरांचं रोवलेलं तरंगते."

मंदा चिखलानं ओळखू येत नव्हती, पण खदखदून हसत होती. तिनं मला कोंबड्यासाठी कांदे चिरायला पाठवलं. जाता जाता, कोणी पाहत नाही असं बघून, मीच थोडा चिखल गालाला लावून घेतला.