नानोटेसाहेबांचा सकाळचा जोक

आमचे नानोटेसाहेब जोक सांगताना स्वतः कधीच हसत नाहीत. चेहरा असा, की पगार कापला म्हणून सांगून राहिले. सौंसरच्या आमच्या संत्र्याच्या शेडचे ते मॅनेजर. रोज सकाळी फळांची निवड सुरू व्हायच्या आधी एक जोक ठरलेला. "माणूस हसला का हात हलका पडते, फळ दबत नाही," हे त्यांचं म्हणणं. आणि खरंच बुवा, हसून कामाला लागलो की डागी माल कमी निघायचा!

माझी मात्र पंचाईत. एकदा त्यांनी संत्रं उचललं. "हे म्हणते, मी नागपूरचं. मी म्हटलं, बसचं तिकीट दाखव!" सगळी शेड हसली. मी विचार करत बसलो, संत्र्याला तिकीट कशाला? जेवणाच्या सुटीत डबा उघडला आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, माल आपल्या सौंसरचा आणि नाव नागपूरचं! मी एकटाच खो-खो हसत सुटलो. साहेब दारातून पाहत होते.

मागच्या सोमवारी ते माझ्यापाशी थांबले. "प्रकाश, तुझा हात चालेपर्यंत फळं पिकून राहिले. उद्यापासून इथं येऊ नको, झाडाखालीच बस." सगळे हसले. मी जेवणापर्यंत थांबलो, संध्याकाळपर्यंत थांबलो. हसू काही येईना. मग समजलो, नोकरी गेली. भाड्याच्या खोलीतलं सामान बांधलं आणि पांढुर्ण्याला घरी आलो. बायको रडली, तशी माझी खात्रीच पटली.

तिसऱ्या दिवशी दारात स्कूटर. साहेब!

"काहून रे, येऊन नाही राहिला?"

"तुम्हीच म्हटलं ना, येऊ नको."

"अबे, तो जोक होता!"

बायकोने कपाळावर हात मारला आणि चहा ठेवला. मी म्हटलं, "एवढ्यासाठी इतक्या दूर आले साहेब? फोन करायचा."

साहेब कपात पाहत बसले. "दोन दिवस जोक सांगितला. माझं तोंड बंद व्हायच्या आधीच सगळे हसले. मॅनेजर आहो ना मी, हसावंच लागते त्यांले. तू दुपारी हसतो, समजल्यावर. मी वाट पाहतो त्याची. घरी तं ऐकायलेही कोणी नाही."

आता हाही जोक होता की खरं, कोण जाणे. चेहरा तर तोच. पण त्या दिवशी मी दुपारची वाट पाहिली नाही. उठलो आणि सामानाची पिशवी त्यांच्या स्कूटरला अडकवली.